केशवराजाला उठवण्याचं प्रकरण

३ सप्टेंबर २००५, शनिवार
कळमनुरी

निरोप समारंभात शाळेनं मला शाल, नारळ आणि ही डायरी दिली. शाल सौ.नं ट्रंकेत टाकली, नारळाची चटणी झाली, डायरी तेवढी माझ्याकडे राहिली. जानेवारीपासूनची पानं कोरी आहेत. कोरं पान बघून माझा हात शिवशिवतो, पण मागच्या तारखेनं नोंद करायची नाही हा नियम शाळेच्या कार्यालयात आवक-जावक रजिस्टर सांभाळताना मीच लावला होता. तो घरी लागू नाही असं कसं म्हणणार? सबब, आजपासून.

प्रथम घरची परिस्थिती. गल्लीतल्या केशवराजाच्या देवळात पहाटे भूपाळी म्हणून देवाला उठवायची सेवा आमच्या घराकडे चार पिढ्या आहे. भूपाळी पणजोबांनी रचलेली, पाच कडव्यांची. ती कागदावर लिहायची नाही, कानातून कानात द्यायची, अशी त्यांची सक्त ताकीद. त्यांच्याकडून आजोबांकडे, आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून माझ्या थोरल्या भावाकडे, म्हणजे दादांकडे. मी नऊ वर्षांचा असताना वडिलांनी मलाही एक ओळ म्हणायला लावली होती. ऐकून म्हणाले, "विश्वंभर, तू घंटा वाजव." तेव्हापासून एकोणपन्नास वर्षं मी घंटा वाजवतो आहे. घंटेबद्दल आजवर एकही तक्रार नाही.

आषाढात दादांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, वाचा गेली. डोकं शाबूत आहे, डावा हात चालतो, तोंडातून हुंकार निघतो, शब्द निघत नाही. तेव्हापासून देव नुसत्या घंटेवर उठतो आहे. दादांना मूलबाळ नाही, वहिनी जाऊन बारा वर्षं झाली, म्हणून रात्री त्यांच्या खोलीत मी झोपतो. दादा फार काही मागत नाहीत.

आज आमची जाई (एकुलती एक, नांदेडला एम.एस्सी., प्राणिशास्त्र) अचानक पिंजरा घेऊन एस.टी.तून उतरली. पिंजऱ्यात लाल चोचीचे दोन विलायती पक्षी, झेब्रा फिंच. एक बाप, एक त्याचं कोवळं पोरगं. तिचा प्रकल्प आहे. होस्टेलवर पक्षी ठेवू देत नाहीत म्हणून घरी आणले. मांजराच्या भीतीनं पिंजरा दादांच्या खोलीत टांगला. मला कुणी विचारलं नाही.

५ सप्टेंबर, सोमवार

देवळाच्या विश्वस्तांची बैठक. मी चिटणीस आहे, म्हणजे माझं अक्षर चांगलं आहे. अध्यक्ष प्रभूअप्पांचं कापडाचं दुकान आहे आणि प्रत्येक गोष्ट ते वारानं मोजून बघतात.

अप्पा म्हणाले, "विश्वंभरराव, दोन महिने झाले, देव मुक्यानं उठून राहिला. लोकं मला इचारून राहिले. आजकाल भूपाळीच्या कॅसेटी भेटतात, फस्क्लास आवाजाच्या. भोंगा हाय, टेप हाय. कोणालाच तकलीफ न्हाई."

मी म्हणालो, भूपाळी आमच्या घराची आहे, ती बाजारात मिळत नाही.

"मंग घरातला कोणी उभा करा की."

"मी म्हणतो," असं माझ्या तोंडून निघून गेलं.

सगळे आपापल्या चहाकडे बघू लागले. एका विश्वस्तांनी बशीत ओतलेला चहा परत कपात ओतला. शेवटी अप्पांनी दसऱ्यापर्यंत मुदत दिली, म्हणजे १२ ऑक्टोबर. तोवर मी उभा राहिलो तर ठीक, नाहीतर सेवा कॅसेटकडे.

घरी येऊन इतिवृत्त लिहायला बसलो. चार पिढ्यांचं माझ्या पिढीत संपणार आणि ते संपल्याची नोंदही मलाच करावी लागणार. फार वाईट वाटलं. अक्षर मात्र बिघडू दिलं नाही.

६ सप्टेंबर, मंगळवार

पहिला रियाज. मला पहिलं कडवं पाठ आहे, दुसरं अर्धं, पुढची तीन नाहीत. लोकांना आश्चर्य वाटतं, की हा रोज तिथंच उभा असायचा. पण घंटा वाजवणाऱ्याला घंटाच ऐकू येते, हे त्यांना कळत नाही. आठवण राहावी म्हणून पहिली ओळ इथं लिहून ठेवणार होतो. (इथं एक ओळ लिहून खोडली. पणजोबांची क्षमा मागितली.)

दादांनी हुंकारानं चाल दाखवली. मी पहिली ओळ म्हटली. दादांनी डोळे मिटले. दुसऱ्या ओळीला त्यांनी डाव्या हातानं चादर तोंडावर ओढली. पिंजऱ्यातला थोरला पक्षी गात होता तो गप्प झाला. स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, दूध नासलं. दोन्हींचा संबंध नाही, आज उकाडाच फार होता.

९ सप्टेंबर, शुक्रवार

गणपतीचे दिवस. मंडळाचा भोंगा सकाळपासून चालू, त्यामुळे माझा आवाज मलाच ऐकू आला नाही आणि रियाज चांगला झाला.

जाईनं पिंजऱ्याखाली एक छोटा टेप ठेवला आहे. आवाज झाला की तो आपोआप सुरू होतो, शांत झालं की थांबतो. मी विचारलं, रात्री कशाला टेप? पक्षी झोपलेले असतात. तर ती उठून बसली. अभ्यासाचं विचारलं की या मुलीचा चेहराच बदलतो.

ती म्हणाली, "बाबा, परदेशात शास्त्रज्ञांनी अशा पक्ष्याच्या मेंदूत केसाहून बारीक तारा बसवल्या. दिवसा गाताना मेंदूतल्या पेशी ज्या क्रमानं जाग्या होतात, त्याच क्रमानं झोपेतही होतात. पक्षी गप्प, पण मेंदू गाणं म्हणून राहिला असतो. ते झोपेत रियाज करतात."

"आणि हा छोटा कसा शिकला? बाप तर शिकवताना दिसत नाही."

"तो आधी नुसतं ऐकतो. आवाज काढत नाही, कानात साठवून ठेवतो. मग कधीतरी सुरू करतो. मी तारा बसवणार नाही, मला फक्त बघायचंय की झोपेत काही आवाज निघतो का, आणि संध्याकाळचं गाणं सकाळी कसं होतं."

या माहितीनं मी अत्यंत प्रभावित झालो. माझ्या रियाजात झोपेचा भाग कमी पडत होता. उद्यापासून दुपारीही झोपणार.

१३ सप्टेंबर, मंगळवार

चार दिवस नियमानं झोपतो आहे. दुपारी दोन तास, रात्री आठ. गाण्यात फरक नाही. उठल्यावर घसा मात्र कोरडा पडलेला असतो, सबब पंख्याखालून गादी हलवली.

दादा हल्ली सकाळी माझ्याकडे टक लावून बघतात आणि वाकड्या तोंडानं हसतात. त्यांना बरं वाटतंय हे चांगलं लक्षण. जाईची तक्रार आहे की अर्धी कॅसेट घोरण्यानंच भरते. मी तिला म्हणालो, आजारी माणूस आहे, दादांना बोलू नकोस. ती पक्ष्यांना दाणे घालायला गेली.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

जाई आंघोळीला गेली होती. मी सहज तिचा टेप लावून बघितला. घोरणं, पक्ष्याची फडफड, पुन्हा घोरणं. आणि मग भूपाळी. स्वच्छ, सुरात, संथ ठाय लयीत. पहिलं कडवं, दुसरं कडवं, तिसऱ्याच्या दोन ओळी. मग पुन्हा घोरणं.

आवाज दादांचा. थोडा वडिलांसारखा, पण दादांचाच. झोपेत गातात! ज्याला दिवसा पाणी मागता येत नाही तो रात्री देवाला उठवतो आहे. मी तिथंच पिंजऱ्याखाली बसून रडलो. जाई आली. म्हणाली, "बाबा, तुम्ही नीट ऐकलंत का?"

"नीट ऐकलं. दादांचा मेंदू पक्ष्यासारखा रियाज करतो आहे."

तिनं कॅसेट काढून तिच्यावर तारीख घातली. मग म्हणाली, "बाबा, एक करा. तुमच्या झोपण्यात काही बदल करू नका. जागं राहून बघायला जाऊ नका. जसे झोपता तसेच झोपा."

मी दादांना जाऊन विचारलं, "दादा, तुम्ही झोपेत भूपाळी म्हणता?" त्यांनी डावा हात उचलून माझ्याकडे बोट केलं. दोनदा. तीनदा. मला समजलं. म्हणायचं होतं, आता तू म्हण. माझ्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. दादांनी हात आपटला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांनाही भरून आलं असणार.

१९ सप्टेंबर, सोमवार

जाईनं नको म्हटलं तरी परवा रात्रभर जागा राहिलो, दादांना प्रत्यक्ष ऐकायला. निष्फळ. दादा कुशीवर गप झोपले होते. टेपही कोरा. त्या रात्री ते घोरलेसुद्धा नाहीत. काल मी थकून झोपलो, तर सकाळी टेपवर तीन कडवी आणि भरपूर घोरणं. म्हणजे मी जागा असलो की दादा गात नाहीत. लहानपणापासून त्यांचा स्वभाव संकोची आहे.

सौ.ला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. "व्हय का?" म्हणाली आणि पुढची भाकरी घेतली. तिला संगीतात रस नाही.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

टेप घेऊन बैठकीला गेलो. म्हणालो, सेवा खंडित नाही, दादा अजून गातात, फक्त झोपेत. विश्वस्तांना ऐकवलं. अप्पांनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं काम झालं.

अप्पा म्हणाले, "आवाज बराबर हाय. पण विश्वंभरराव, देवाला उठवायचं, अन् उठवणारा झोपेत? दादांना काय खाटेसकट आणून टाकता देवळात? मंग त्यांला झोप लागायची वाट आमी पाहायची का?"

सगळे हसले. एका विश्वस्तांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावण्याची सूचना केली, ती मी इतिवृत्तात घेतली नाही. मग त्यांनी मला पहिलं कडवं म्हणून दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. त्यानंतर ठराव एकमतानं मंजूर झाला. मी तो लिहून घेतला: "ठराव क्र. ७. दसऱ्यापासून श्री केशवराजाची पहाटेची भूपाळी देवळाच्या भोंग्यावर कॅसेटद्वारे लावण्यात यावी." सहाच्या आत भोंगा लावायला सरकारची बंदी आहे, सबब देव यापुढे सहाला उठेल, असंही ठरलं.

सही करताना पहिल्यांदाच शाईचा डाग पडला.

२७ सप्टेंबर, मंगळवार

दादांना तपासणीसाठी नांदेडला नेलं. दोन दिवस ठेवून घेणार आहेत. जाई आणि सौ. दोघी बरोबर गेल्या. मी मागे राहिलो, कारण घंटा आणि पक्षी. जाईनं बजावलं आहे की टेप रोज रात्री लावायचा, प्रकल्पात खंड नको. संध्याकाळी एकट्यानं खिचडी केली. धाकट्या पक्ष्याचं गाणं आज जरा बापासारखं वाटलं. मी त्याला शाबास म्हणालो. घरात दुसरं कुणी नव्हतं.

२८ सप्टेंबर, बुधवार

सकाळी सहज टेप ऐकला. पक्ष्यांच्या फडफडीसाठी. भूपाळी आहे. पाचही कडवी.

तीन वेळा ऐकली. दादा नांदेडला आहेत. कडी आतून होती, ती मी तपासली. भूपाळी येणारा दुसरा माणूस पृथ्वीवर नाही. पितृपक्ष चालू आहे, म्हणून प्रथम मला वाटलं वडील आले. देवापुढे दिवा लावला, हात जोडून मुद्देसूद सांगितलं की आपली तिथी शनिवारी आहे, पानात काही कमी पडणार नाही, तेव्हा आधीच येण्याचं कारण नाही. मग चौथ्यांदा ऐकली. तिसऱ्या आणि चौथ्या कडव्याच्या मध्ये गाणारा झोपेत म्हणतो, "आवक-जावक बघून सांगतो."

वडील आवक-जावक बघत नव्हते.

आज एवढंच लिहितो.

२९ सप्टेंबर, गुरुवार

मंडळी आली. दादांची तब्येत ठीक, गोळ्या बदलल्या. मी सौ.ला आत बोलावून विचारलं, "मी झोपेत गातो का?"

ती म्हणाली, "तीस वर्षं ऐकून राहिले मी."

"मग सांगितलं काहून नाही?"

"मला काय माहीत तुमाला माहीत न्हाई म्हणून? मला वाटलं, घराण्याची सेवा हाय, झोपेत करत असतील. चांगलं म्हणता म्हणून उठवलं न्हाई कधी. आवक-जावक सुरू झालं की मात्र कोपरानं ढकलायचे."

जाईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. विचारलं, का लपवलंस? म्हणाली, "तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही झोपलाच नसता. मग मी ऐकलं काय असतं?" दादांनाही माहीत होतं. ते बोट दाखवून दाखवून थकले.

मी अंगणात जाऊन बसलो. अठ्ठावन्न वर्षांचा झालो. वडिलांनी मला घंटा दिली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ते म्हणाले ते मी खरं मानलं, कारण ते वडील होते. मला आवाज नाही हे मी सर्व्हिस बुकात नोंद असल्यासारखं धरून चाललो. आणि हे सगळं आत पडून होतं. मला राग आला, पण कुणावर आला ते कळलं नाही. मग हसू आलं. सौ.नं चहा आणून ठेवला आणि शेजारी बसली.

३ ऑक्टोबर, सोमवार

जागेपणी गाण्याचे प्रयत्न. माझाच टेप लावतो आणि त्यामागून म्हणतो. टेपवरचा विश्वंभर सुरात, खुर्चीवरचा बेसूर. दादा दोघांचं ऐकतात आणि टेपकडे बघून मान डोलावतात. सख्ख्या भावाकडून अशी वागणूक.

शब्द मात्र पाचही कडव्यांचे पाठ झाले. कानातून कानात द्यायची म्हणतात ती अशी. कान दोन्ही माझेच आहेत हा भाग वेगळा.

झोप साफ उडाली आहे. गादीवर पडलं की वाटतं, आता गाईन का? आता लागली का झोप? तीन रात्री टेप कोरा. जाई म्हणाली, "बघा, म्हणूनच सांगत नव्हते." मग जरा वेळानं म्हणाली, "बाबा, तो धाकटा बघा. संध्याकाळी चांगला गातो, सकाळी उठला की पार बिघडवून टाकतो, दिवसभर पुन्हा जमवतो. परदेशातल्या लोकांनी मोजलंय. सकाळी जो जास्त बिघडतो तोच शेवटी बापाच्या जवळ जातो."

"मग मी पहिला येणार," मी म्हणालो.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

नवरात्र चालू. अप्पांनी हिंगोलीहून कॅसेट मागवली. लिफाफ्यावर गायकाचा फोटो, कपाळाला गंध, हातात अंगठ्या. ठरावाची नक्कल त्यांना दुकानात नेऊन द्यायची होती, म्हणून रजिस्टर उघडलं आणि जुन्या सवयीनं शब्द न् शब्द तपासला.

"कॅसेटद्वारे लावण्यात यावी." कोणाची कॅसेट, कोणती कॅसेट, कोठून आणलेली, काही उल्लेख नाही. "श्री केशवराजाची पहाटेची भूपाळी" असा स्पष्ट उल्लेख मात्र आहे, आणि हिंगोलीच्या कॅसेटमधल्या भूपाळीत केशवराजाचं नावही नाही. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला इतका आनंद एकाही कागदानं दिला नव्हता.

पणजोबांनी लिहायला बंदी केली होती. टेपला केली नव्हती. तेव्हा टेप नव्हता हे खरं, पण नियम जसा आहे तसा वाचायचा असतो.

जाईला म्हणालो, २७ तारखेच्या रात्रीची कॅसेट दे, पाचही कडव्यांची. आवक-जावक काढून टाक. ते तिनं काढलं. घोरणंही काढायला गेली, पण कडव्याचा शेवट आणि घोरण्याची सुरुवात एकाच श्वासात आहे, वेगळी निघेना. म्हणाली, "असू द्या, बाबा." असू दिलं.

१२ ऑक्टोबर, बुधवार. विजयादशमी

सगळं क्रमानं लिहितो.

पावणेसहाला देवळात गेलो. दादांना खुर्चीवर बसवून नेलं, खांबाजवळ ठेवलं, डाव्या हातात काठी दिली. सौ. आणि जाई मागं. सण असल्यानं माणसं बरीच. वाटेनं शेळ्या घेऊन जाणारी भागाबाईसुद्धा शेळ्या पाराला बांधून आत आली. अप्पा आपली कॅसेट घेऊन उभे. मी त्यांना ठराव क्र. ७ वाचून दाखवला, दोनदा, आणि माझी कॅसेट टेपात घातली. अप्पा म्हणाले, "बेईमानी हाय ही." मी म्हणालो, "ठराव एकमतानं झाला आहे, अप्पा. आपली सही आहे." त्यांनी सही बघितली. त्यांचीच होती.

बरोबर सहाला मी घंटा दिली आणि भोंगा सुरू झाला.

मी माझा आवाज तोवर टेपच्या डबीतून ऐकला होता. भोंग्यावर, सगळ्या गल्लीवर, तो वेगळाच वाटला. पहिलं कडवं झालं आणि भोंग्यातून मोठं घोरणं आलं. पोरं हसली. अप्पा म्हणाले, "हे काय हाय?" भागाबाई त्यांच्याकडे वळून म्हणाली, "काय म्हंजे? देव कूस बदलून राहिला. कोणी एका हाकंत उठतं का, अप्पा? तुमी उठता का?" त्यानंतर दुसऱ्या कडव्यानंतर घोरणं आलं तेव्हा दोन-तीन बायकांनी हात जोडले. मी डोळे मिटून घेतले. मला फार बरं वाटत होतं.

तिसऱ्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीत भोंगा खरखरला आणि बंद पडला. गाभाऱ्यातला दिवा गेला, गल्लीतले दिवे गेले. भारनियमन. दसऱ्याच्या दिवशी कपात होणार नाही असं पेपरात आलं होतं.

जाई टेप उचलून बघू लागली, तर तो विजेवरचाच. अप्पांच्या हातात त्यांची कॅसेट होती, ती त्यांनी खिशात घातली. घंटेची दोरी माझ्या हातात होती, पण घंटेनं पुढची ओळ होत नाही.

भागाबाई म्हणाली, "आता पुढं? अर्धाच उठवला का देव? अर्धवट झोपेतून उठवून सोडू न्हाई बाप्पा, लेकराला बी न्हाई."

सगळे माझ्याकडे बघत होते. चहा नव्हता, त्यामुळे दुसरीकडे बघायची सोय नव्हती. मी दोरी सोडली. तिसऱ्या कडव्याची दुसरी ओळ उचलली. माझी मलाच कळली, फाटली होती.

टक्.

दादांनी डाव्या हातातली काठी फरशीवर आपटली. मला वाटलं आता चादर असती तर ओढली असती. मी थांबलो. दादांनी काठी वर धरली, थांब म्हणून, आणि वाकड्या तोंडातून ती ओळ हुंकारली. नुसती चाल. मग काठीनं माझ्याकडे खूण केली.

मी पुन्हा म्हटली. टक्. त्यांनी पुन्हा हुंकारली, या वेळी शेवटची जागा लांबवून, मी कुठं घाई करतो ते दाखवत. मी पुन्हा म्हटली. टक्. सगळी गल्ली उभी होती. अप्पांना सणाचं दुकान उघडायचं होतं, ते एकदा घड्याळाकडे बघून परत उभे राहिले. एक पोरगं हसलं तर सौ.नं त्याच्याकडे नुसतं बघितलं. चौथ्यांदा काठी वाजली नाही. दादांनी डोळे मिटले आणि मान पुढं केली, पुढची ओळ घे म्हणून.

पाचवं कडवं संपेपर्यंत बावीस वेळा काठी वाजली. जाईनं मोजलं, तिला मोजायची सवय आहे. चौथ्या कडव्यात माझा आवाज बसला, पाचव्यात कसातरी परत आला. टेपवरच्यासारखा एक क्षणही लागला नाही. केशवराज सात वाजून दहा मिनिटांनी उठले. दिवे अजून आलेले नव्हते.

अप्पा निघताना माझ्याजवळ थांबले. म्हणाले, "ठराव राहू द्या रजिस्टरात. लाईट असली तर झोपलेल्या विश्वंभररावाचं लावू, न्हाई तर जाग्याचं. दोन्ही तुमच्याच घरचे." मग जरा घुटमळून म्हणाले, "पण जाग्याला ते काठीवाले लागतील संगं."

वडिलांनी माझी एक ओळ ऐकली आणि सोडून दिलं. दादांनी इतक्या वर्षांत माझी एकही चूक दाखवली नाही, कारण मला शिकवायचंच नव्हतं कुणाला. चूक त्याचीच काढतात ज्याच्याकडून बरोबर यावं असं वाटतं. आज भर देवळात, अख्ख्या गल्लीसमोर, अठ्ठावन्नाव्या वर्षी मी बावीस वेळा चुकलो, आणि सौ. म्हणते मी जेवताना सारखा हसत होतो.